दवाखान्यात कोरडी

गादीवाल्याच्याच घरात रोज ओली गादी वाळत पडते, हे गावातल्या कोणी त्याला तोंडावर म्हणत नसे. गादी भरायला टाकताना लोक फक्त सहज विचारल्यासारखं विचारत, "आणि वाळवता कुठे?"

"आमच्यात वाळवायचं काम नसतं," गादीवाला म्हणायचा. "कापूस आणायचा, पिंजायचा, भरायचा, टाके घालायचे."

आणि नेमकी त्याच वेळी आजी, म्हणजे त्याची आई, मागच्या दारी बारकीची गोधडी काठीने बडवत असायची, अशी की फटके पुढच्या दारापर्यंत ऐकू जावेत.

बारकी, गादीवाल्याची मुलगी, आठ वर्षांची होती. सगळ्या पोरींसारखी तिला लघवीला लागायची, सगळ्यांसारखी ती जायची, हात धुऊन परत यायची. आणि तरीही ओली असायची. धो धो नाही. माठ पाझरतो तशी, जरा जरा, दिवसभर, रात्रभर, बसता उठता. सकाळी कोरडा घातलेला परकर शाळेची घंटा होईपर्यंत दमट आणि मधल्या सुट्टीत ओला.

उपाय काही कमी झाले नव्हते. गावातल्या डॉक्टरने सुई दिली. बाजाराच्या गावच्या डॉक्टरने संध्याकाळनंतर पाणी बंद केलं. बारकी तहानलेली राहिली आणि ओलीही राहिली. तिसऱ्याने गजर लावून उठवायला सांगितलं. गजराने घर उठलं, शेजार उठला, शेजाऱ्याचं कुत्रं उठलं. बारकीही उठली, शहाण्यासारखी जाऊन आली, आणि अंथरुणावर पडल्यावर पुन्हा ओली झाली. चौथ्याने हात झाडले आणि वयानुसार जाईल म्हणून सांगितलं.

"मला लागत नाही," बारकी दर वेळी सांगायची. "आपोआप येतं."

"आपोआप काही येत नसतं," आजी म्हणायची. "ताटातला घास तोंडात आपोआप येतो का? मन लावत नाहीस तू. सात पोरं वाढवली मी, एकही असं नव्हतं."

त्या सातातला चौथा म्हणजे गादीवाला. आपण असे नव्हतो हे ऐकून त्याला बरं वाटायचं की वाईट, हे त्याचं त्याला ठरवता यायचं नाही.

त्याने आपल्या परीने एक उपाय काढला होता. जुन्या मऊ धोतराच्या खोळीत बारीक पिंजलेला कापूस भरून त्याने हातभर लांब, वीतभर रुंद अशी एक घडी शिवली होती. कापूस एका जागी गोळा होऊ नये म्हणून आडवे टाके, कडेला दुहेरी दोरा. घरात तिला 'बारकीची उशी' म्हणत. एक लावायची, एक वाळत, एक धुण्यात. त्याच्या हातचं सगळ्यात सुबक काम कुठलं असं कोणी विचारलं असतं, तर त्याला खरं उत्तर देता आलं नसतं.

आणि बारकीच्या आईचा एक नियम होता. दवाखान्यात जायचं म्हटलं की ती बारकीला न्हाऊ घालायची, लघवीला बसवून यायची, पुसून कोरडी करायची, पावडर लावायची, ताजी उशी बांधायची आणि वरून इस्त्रीचा झगा. दवाखान्याच्या दारात पुन्हा एकदा आडोशाला नेऊन उशी बदलायची. "ओली पोर डॉक्टरपुढे कशी न्यायची? काय म्हणतील, आई आहे की कोण आहे?" त्यामुळे डॉक्टरांच्या टेबलावर जी मुलगी यायची तिला साबणाचा वास यायचा. डॉक्टर बघायचे. बघण्यासारखं काही नसायचं.

त्या वर्षी पाऊस ओढ देऊन गेला, कपाशी गुडघ्याच्या वर चढली नाही, आणि लोकांनी जुन्या गाद्यांवरच आणखी एक साल काढायचं ठरवलं. त्यात दर बाजारच्या दिवशी फोमच्या गाद्यांचा ट्रक यायला लागला. त्याच्यावरचा माणूस गादी रस्त्यात टाकून तिच्यावर उड्या मारायचा आणि बघ्यांनाही मारायला लावायचा. गादीवाल्याची गादी उड्या मारण्यासाठी नव्हती, झोपण्यासाठी होती. पण झोपलेला माणूस बघायला बाजारात कोण उभं राहतं?

अशात शाळेतून निरोप आला. गुरुजींनी बारकीला आधी मागच्या रांगेत बसवलं होतं, मग दाराशी, मग 'जरा हवेशीर' म्हणून व्हरांड्यात. तिथून तिला फळा अर्धाच दिसायचा. आता व्हरांडाही संपला होता.

"पालकांच्या तक्रारी येतात," गुरुजी म्हणाले. माणूस वाईट नव्हता, त्यांचं लक्ष सारखं चपलांकडे जात होतं. "वर्गात एवढी नाकं आहेत. बरी करून आणा, मी पहिल्या रांगेत बसवतो. तोवर घरीच राहू दे."

"आणि बरी नाही झाली तर?"

"तर घरीच राहील ना," गुरुजी म्हणाले.

बारकी घरी राहिली. आजीच्या तोंडासमोर दिवसभर. दुसऱ्या दिवशीच तिने पाढे विसरायला सुरुवात केली, निदान ती तसं म्हणाली.

तेवढ्यात मोठ्या गावच्या रुग्णालयाचं काम आलं. वॉर्डातल्या सगळ्या गाद्या उसवायच्या, कापूस नव्याने पिंजून, नवा घालून पुन्हा भरायच्या. तिथेच, मागच्या अंगणात. गादीवाल्याने पिंजण्याचं यंत्र भाड्याच्या टेम्पोत चढवलं. आई वेचणीच्या कामाला जाणार होती आणि आजीने स्पष्ट सांगितलं होतं की ओल्या पोरीला दिवसभर सांभाळणं तिच्याने होणार नाही. म्हणून बारकीही टेम्पोत चढली.

आईने उश्यांचं गाठोडं दारात ठेवलं होतं. गादीवाल्याने दारातलं गाठोडं उचललं. रुग्णालयात जाऊन सोडलं तर आत खोळीच्या कापडाची कात्रणं निघाली. दोन्ही गाठोडी एकाच जुन्या चादरीतून फाडलेली होती, आणि ती फाडली होती त्यानेच.

"बाबा, उशी?" बारकी म्हणाली.

कापूस होता, कापड होतं, दाभण होतं आणि शिवणारा साक्षात समोर होता. पण वॉर्डातल्या सिस्टर उघड्या लोखंडी खाटांकडे बोट दाखवत उभ्या होत्या, खाटांचे धनी भिंतीला टेकून उभे होते. "एवढी एक गादी होऊ दे," गादीवाला म्हणाला. "मग शिवतो."

एकीची दुसरी झाली. दुसरीची चौथी. कापूस इतका जुना होता की यंत्रातून धूर यावा तशी धूळ येत होती. गादीवाला नाकावर फडकं बांधून वाकला होता, बारकी खोळीचं तोंड दोन्ही हातांनी फाकवून बसली होती, आणि तो कापूस आत कोंबत होता.

तेवढ्यात मुलांच्या डॉक्टरीणबाई अंगणात आल्या. चष्मा केसांत खोचलेला आणि नजर चष्मा शोधणारी.

"गादीवाले तुम्हीच ना? मुलांच्या गाद्या घट्ट भरा. मागच्याने एवढ्या मऊ केल्या होत्या की राउंडला पोर शोधावं लागायचं."

"घट्ट भरतो, बाई."

"बाबा, मला लागली," बारकी म्हणाली.

अंगणातल्या संडासाला कुलूप होतं. किल्ली कोणाकडे आहे हे रुग्णालयात कोणालाच ठाऊक नव्हतं. डॉक्टरीणबाईच म्हणाल्या, "चल, माझ्या खोलीतलं वापर," आणि तिला घेऊन गेल्या. बाहेर उभ्या राहिल्या. आतून व्यवस्थित आवाज आला. बारकी हात धुऊन आली, अंगणात परतली, पांढऱ्या नव्या खोळीवर मांडी घालून बसली.

बाई मागोमाग आल्याच होत्या. गादी किती घट्ट म्हणजे घट्ट यावर दोघांचं बराच वेळ चाललं. गादीवाल्याचं म्हणणं, दगडावर झोपवायचं तर गादी कशाला. मग त्याने दोरा मागितला, बारकी दोरा आणायला उठली, आणि खोळीवर पेल्याएवढा ओला गोल दिसला.

गादीवाल्याने त्यावर मूठभर कापूस टाकला. सहज, हातातून पडल्यासारखा.

"ते काय झाकलंत?"

"काही नाही, कापूस आहे."

बाईंनी कापूस बाजूला केला, गोलावर बोट ठेवलं. मग केसांतला चष्मा सापडून डोळ्यांवर आला.

"ही आत्ता माझ्यासमोर जाऊन आली ना?"

"आळशी आहे हो पोरगी," गादीवाला घाईने म्हणाला. "नीट बसत नाही, अर्धवट करून उठते. घरी सांगून सांगून थकलो. तुमची खोळ मी बदलून देतो."

"खोळ राहू द्या." बाई बारकीसमोर उकिडव्या बसल्या. "आत्ता लागली होती का गं?"

"आता नाही. मघाशी लागली होती, तेव्हा सांगितलं." बारकी दोऱ्याचं रीळ घट्ट धरून उभी होती. "हे आपोआप येतं."

"आपोआप म्हणजे कसं?"

बारकीला हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. "म्हणजे," ती म्हणाली, "मला विचारत नाही."

"बरं. आणि कोरडी कधी असतेस? झोपेत? खेळताना?"

बारकीने पुष्कळ विचार केला.

"दवाखान्यात," ती म्हणाली.

गादीवाल्याने मग सगळं सांगितलं. उशी, पावडर, इस्त्रीचा झगा, आडोशाला नेऊन शेवटचं बदलणं. सांगताना टाक्यांचं वर्णन जरा जास्तच झालं. बाईंनी मधे एकदाही हसू दाखवलं नाही. सगळं झाल्यावर म्हणाल्या, "एवढ्या डॉक्टरांना ही पोर तुम्ही कोरडी करकरीत नेऊन दाखवलीत?"

"चांगलं दिसावं म्हणून."

"दिसलं," बाई म्हणाल्या.

त्याच दुपारी सोनोग्राफी झाली. यंत्रावरचा माणूस म्हणाला, सगळं ठीक आहे, मूत्रपिंडं दोन, पिशवी छान. "उजवं जरा लांबट आहे, पण माणसंही लांबट असतात."

ठीक आहे म्हणजे काय झालं हे गादीवाल्याला चांगलं माहीत होतं. ठीक आहे म्हणजे घरी जा. घरी जा म्हणजे आजी. आणि शाळा कायमची संपली.

पण बाई म्हणाल्या, "उद्या हिच्या आईला घेऊन या. आणि पोर आहे तशी आणा."

दुसऱ्या दिवशी आई वेचणी बुडवून आली. बारकीला साबणाचा वास येत होता.

बाईंनी तपासलं. ठणठणीत कोरडी. उशी तर अजून गरम होती, आईने इस्त्री फिरवली होती.

"मी काय सांगितलं होतं?" बाईंनी विचारलं.

"अहो, पण बसमधून ओली पोर कशी आणायची?" आई बारकीचा झगा सारखा करत म्हणाली. "तुम्ही मला घाणेरडी आई म्हणाला असता."

"ताई," बाई म्हणाल्या, "आजच्या दिवस कृपा करून घाणेरडी आई व्हा."

उशी काढली. आई, बाबा आणि डॉक्टरीणबाई समोर बसले. तिने ओलं व्हावं म्हणून कोणी वाट बघतंय, असं बारकीच्या आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं. ती अवघडून गेली. "येत नाहीये," असं ती काकुळतीला येऊन म्हणालीसुद्धा. मग आलं.

बाईंनी मान हलवली. "आता एक तपासणी करू. थोडी टोचेल."

सिस्टरने पडदा ओढला. आई आत राहिली, गादीवाला बाहेर. पलीकडून बारकीचं "आई, आई, आई" आणि सिस्टरचं "झालं, झालं, झालं" एका तालात ऐकू येत होतं. गादीवाला हातातला कापसाचा पुंजका उगाच मोकळा करत राहिला, इतका की त्याचा धूर झाला. एका बारीक नळीने लघवीच्या पिशवीत निळं औषध सोडलं होतं, मग नळी काढून घेतली. रुग्णालयातला कापूस कपाटात होता आणि कपाटाची किल्ली संडासाच्या किल्लीबरोबर गेली होती. म्हणून सिस्टरने स्वच्छ जाळीच्या कापडात गादीवाल्याचाच नवा कापूस गुंडाळला आणि लावला.

"ऐका," बाई म्हणाल्या. "पिशवीत आता निळं आहे. पिशवीतून गळत असेल तर कापूस निळा होईल. मग औषधं आहेत, व्यायाम आहेत. पण ओला होऊनही पांढराच राहिला, तर हे पाणी पिशवीतलं नाही. दुसरीकडून येतंय."

"दुसरीकडून कुठून?" आईने विचारलं. "माणसाला दुसरं कुठे असतं?"

"बहुतेकांना नसतं."

बारकीला व्हरांड्यात फिरवलं. जिन्याने वर, जिन्याने खाली. गादीवाला तिच्या मागून चालत होता आणि मनात काय मागावं हे त्याला कळत नव्हतं. निळं मागावं तर आजीचं खरं ठरत होतं. पांढरं मागावं तर पोरीच्या पोटात काहीतरी वेगळंच निघत होतं. शेवटी त्याने काहीच मागितलं नाही, फक्त पायऱ्या चढला आणि उतरला.

पडद्याआड सिस्टरने कापूस सोडला. मग पडदा बाजूला करून तिने तो ट्रेमध्ये त्यांच्यासमोर ठेवला. कापूस चिंब होता. आणि दुधासारखा पांढरा.

बाईंनी तो चिमट्याने उलटा केला, उजेडात धरला. "सिस्टर, तिला लघवीला बसवा."

आतून बारकीची किंकाळी आली. "आई! निळी! निळी झाली!"

"बघा," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा चढला होता आणि तो त्यांनी खाली आणला. टेबलावर त्यांनी पेनने दोन घेवड्याच्या दाण्यांसारखे आकार काढले, खाली एक पिशवी. "प्रत्येक मूत्रपिंडातून एक नळी निघते, पिशवीत उतरते. पिशवीला खाली दार असतं, ते आपण लागेल तेव्हा उघडतो. हिच्या उजव्या मूत्रपिंडाला बहुतेक दोन नळ्या आहेत. एक बरोबर पिशवीत जाते. दुसरी नळी पिशवीला चुकवून खाली, दाराच्या बाहेर उघडते. तिच्यावर हिचा ताबाच नाही. म्हणून ही सगळ्यांसारखी जातेही आणि गळतेही. फार क्वचित असतं हे. मी स्वतः याआधी एकच मुलगी पाहिली, तीही शिकताना."

"म्हणजे आळस..." गादीवाला म्हणाला.

"नळीला कसला आळस?"

मोठ्या शहरात पाठवायचं ठरलं. तिथे दुसरा फोटो निघेल, नळी नक्की कुठून कुठे जाते ते दिसेल, मग ऑपरेशन. वेळ लागेल, पण दुरुस्त होण्यासारखं आहे. तोवर? "तोवर ती ओली असणारच," बाई म्हणाल्या. "उश्या चांगल्या आहेत तुमच्या. फक्त माझ्याकडे येताना लावू नका."

गादीवाला अंगणात जाऊन यंत्राशी बसला. एकदा गिऱ्हाइकं दारात असताना त्याने बारकीला ओली गोधडी दोन्ही हातांत धरून उन्हात उभं केलं होतं, वाळेपर्यंत. तिचे हात थरथरायला लागले तरी तिने ती खाली टेकवली नव्हती. गिऱ्हाइकांपैकी एकाने, चांगली शिस्त आहे, असं म्हटलं होतं.

बारकी येऊन त्याच्याशेजारी बसली. सिस्टरने तिला कागदाची पुडी करून चार गोळ्या दिल्या होत्या, लिंबाच्या.

"बाबा, मी सांगत होते."

"हो."

"तुम्ही ऐकत नव्हता."

"नव्हतो," गादीवाला म्हणाला.

तिने एक गोळी त्याला दिली. त्याने ती तोंडात टाकली आणि काठी घेऊन कापूस बडवायला लागला, कारण दुसरं काय करावं ते त्याला सुचेना.

घरी आजीने सगळं नीट ऐकून घेतलं. "जास्तीची नळी? आमच्या घराण्यात कोणाला नव्हती." मग सुनेकडे बघून, "तुमच्याकडची असेल." पण त्या संध्याकाळपासून बारकीच्या उश्या आजी धुवायला लागली. तोंड बंद झालं नाही. फक्त आता ती बारकीऐवजी नळीला बोलायची. "मेली, रस्ता चुकली ती चुकली, विचारायचं तरी कोणाला!"

उरली शाळा. गुरुजींचं म्हणणं साधं होतं, बरी करून आणा. आणि बारकी बरी झालेली नव्हती.

गादीवाल्याने बोलणं पाठ केलं होतं. मूत्रपिंड, नळी, दार, क्वचित. धुतलेला सदरा घालून तो वर्गाच्या दारात उभा राहिला तेव्हा फळ्यावर भागाकार चालला होता. सगळी पोरं वळून बघायला लागली. कोणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "गळकी आली."

"झाली का बरी?" गुरुजींनी विचारलं.

"नाही," गादीवाला म्हणाला. पाठ केलेल्यातलं पहिलं वाक्य हे नव्हतं. "पण कळलं."

"कळलं म्हणजे?"

"म्हणजे मूत्रपिंडं दोन असतात, गुरुजी, आणि त्यांना..." तो अडला. समोर एवढी पोरं होती आणि त्याने आजवर याच्यावर फक्त टाके घातले होते. सदऱ्याच्या आत पाठीवरून घाम उतरला.

बारकी त्याच्या बाजूने आत शिरली आणि फळ्यापाशी जाऊन उभी राहिली.

"मला एक नळी जास्त आहे," ती म्हणाली, कविता म्हणायच्या आवाजात. "ती चुकीच्या जागी उघडते. ती मला विचारत नाही. ऑपरेशन झालं की बंद होईल. तोपर्यंत मी ओली असणार."

मागच्या रांगेतून एकजण म्हणाला, "म्हणजे गळकीच."

"हो," बारकी म्हणाली. "आणि डॉक्टरांनी माझ्या पोटात निळं औषध घातलं आणि मला निळी लघवी झाली."

वर्ग उठून उभा राहिला. गुरुजींनी टेबलावर पट्टी आपटली, पुन्हा आपटली. "खोटं!" "शप्पथ?" "किती निळी?" "गुरुजी, मला पण!" पट्टी खाली ठेवून गुरुजी गादीवाल्याकडे वळले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "खरंच निळी?"

"निळी," गादीवाला म्हणाला. या वेळी आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "आणि कापूस पांढरा. तिचा काही दोष नाही, गुरुजी. तिला कळतच नाही केव्हा येतं ते. ऑपरेशनला वेळ आहे. तोवर ती अशीच येणार."

गुरुजींनी चपलांकडे बघितलं. मग फळ्यावरच्या अर्ध्या भागाकाराकडे. मग बारकीकडे.

"कुठे निघालीस?" ते म्हणाले, कारण ती सवयीने व्हरांड्याकडे वळली होती. "तिथून फळा दिसतो का? बस इकडे, पहिल्या रांगेत."

पहिल्या रांगेतल्या मुलीने दप्तर उचलून मांडीवर घेतलं. ती आधी थोडी लांब सरकली. गुरुजी फळ्याकडे वळल्यावर पुन्हा जवळ आली आणि वहीआडून विचारलं, "शाईसारखी की आभाळासारखी?"

बारकीने पाटी काढली, भागाकार उतरवायला घेतला आणि नीट आठवून सांगितलं.

"आधी शाईसारखी. मग आभाळासारखी."